हसू दिसतं, बोलणं ऐकू येतं का?

‘स्माईल पिंकी’ हा एकोणचाळीस मिनिटांचा माहितीपट आहे. मेगन मायलन या अमेरिकन दिग्दर्शिकेने तो २००८ साली केला आणि २२ फेब्रुवारी २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याला लघु-माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. त्याच समारंभात ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला आठ ऑस्कर मिळाली, त्यामुळे आपल्याकडे या छोट्या चित्रपटाची चर्चा थोडी झाकली गेली. तरीही तो हिंदी-भोजपुरीत असल्यामुळे आपल्याला सहज समजतो, लांबीने शाळेच्या एका तासात बसतो, आणि विषय तर थेट मुलांचा आहे. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी शिक्षकांना किंवा नववी-दहावीच्या मुलांना एखादा माहितीपट दाखवायचा झाला तर याचं नाव सहज पुढे येतं.

तो दाखवावा असंच माझं मत आहे. पण तो दाखवून दिवे लावले आणि ‘किती छान’ म्हणून घरी गेलो, तर तो अर्धाच पाहिला असं होईल. उरलेला अर्धा काय आहे, आणि तो शिक्षकाकडेच का येतो, हे मांडण्यासाठी हा लेख.

चित्रपटात काय आहे

पिंकी सोनकर ही उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यातली पाच-सहा वर्षांची मुलगी. जन्मापासून तिचा वरचा ओठ दुभंगलेला. इतर मुलं चिडवतात, खेळायला घेत नाहीत. पंकज नावाचे एक समाजसेवक गावोगाव फिरून अशी मुलं शोधतात आणि ‘वाराणसीला या, ऑपरेशन फुकट होतं’ असं आईवडिलांना समजावतात. तिथे डॉ. सुबोधकुमार सिंग शस्त्रक्रिया करतात. खर्चाचा भार ‘स्माईल ट्रेन’ ही १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली संस्था उचलते. पिंकीबरोबर दुसऱ्या एका मोठ्या मुलाचीही कथा चालते. गावातून निघणं, इस्पितळातली गर्दी, वाट पाहणं, शस्त्रक्रिया, आणि मग आरशात पाहणं. एवढीच गोष्ट.

दिग्दर्शिकेचं पहिलं श्रेय असं की ती मध्ये बोलत नाही. कोणी निवेदक येऊन ‘भारतातल्या गरीब खेड्यात’ वगैरे सांगत नाही. कॅमेरा माणसांच्या मागे चालतो आणि माणसं आपापसात बोलतात ते आपण ऐकतो. त्यामुळे आईवडील मूर्ख किंवा निष्ठुर वाटत नाहीत. इलाज आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, माहीत झाल्यावरही ‘फुकट’ या शब्दावर विश्वास बसत नव्हता, आणि रोजगार बुडवून शहरात जायचं कसं हा प्रश्न होताच. अडाणीपणा आणि अडचण यांतला हा फरक चित्रपट नेमका पकडतो. शाळेत गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी गेलेल्या कुणाही शिक्षकाला तो ओळखीचा वाटेल.

दुसरं श्रेय हे की चित्रपटाचा खरा नायक शस्त्रक्रियेची सुरी नसून पंकज यांची पायपीट आहे. डॉक्टर आहे, पैसे आहेत, खाट आहे, पण मूल तिथे पोचत नाही. पोचवणारा माणूस लागतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

पहिली उणीव : हे होतं कसं?

हे मूल असं का जन्मलं, हे सांगायला चित्रपट थांबत नाही. कथा म्हणून ते ठीक आहे. पण जिथे कारण सांगितलं जात नाही तिथे आधीपासून ठरलेलं कारण बसून राहतं. आपल्याकडे ते कारण म्हणजे ग्रहण. ‘गिऱ्हाण लागलं’, ‘आईने ग्रहणात काहीतरी चिरलं’. म्हणजे दोष बाळाच्या ओठात आणि आरोप आईवर. म्हणून चित्रपटाने न सांगितलेलं आपण सांगितलं पाहिजे.

मुलांना आधी आपापल्या नाकाखाली बोट फिरवायला सांगा. नाकपुड्यांच्या मधून वरच्या ओठापर्यंत एक उभी पन्हळ लागते. ती आपल्या चेहऱ्याच्या शिवणीची जागा आहे. गर्भाचा चेहरा एका गोळ्यातून कोरला जात नाही. वरून एक, दोन्ही बाजूंनी वरच्या जबड्याचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन, असे पाच उंचवटे एकमेकांकडे वाढत येतात आणि जुळतात. वरच्या ओठाचा मधला भाग वरच्या उंचवट्यापासून आणि कडेचे भाग बाजूच्या उंचवट्यांपासून होतात. गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात ही जुळणी पूर्ण होते. एका बाजूला ती राहिली तर ओठ त्या बाजूने दुभंगतो, दोन्हीकडे राहिली तर दोन्ही बाजूंनी. म्हणून फट बहुधा मधोमध नसून पन्हळीच्या कडेला असते.

आता जीभ तोंडाच्या छतावरून पुढून मागे फिरवा. मधोमध एक बारीक उंच रेघ लागेल. ही दुसरी शिवण. टाळू म्हणजे इथे हे छत, बाळाच्या डोक्यावर तेल घालतो ती टाळू नव्हे. गर्भात टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन बाजूंना खाली लोंबत असतात. जीभ खाली सरकली की ते वर उचलले जाऊन आडवे होतात आणि मध्यावर जुळतात. हे सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान होतं. पडदे उशिरा उचलले गेले, आखूड पडले किंवा जीभ वाटेत राहिली, तर टाळूला फट राहते. म्हणजे ‘ओठ फाटला’ हा शब्दच थोडा चुकीचा आहे. काही फाटलेलं नसतं, ते जुळायचं राहिलेलं असतं.

ओठ आणि टाळू वेगवेगळ्या वेळी जुळत असल्यामुळे दोष तीन तऱ्हांनी दिसतो : फक्त ओठ, फक्त टाळू, किंवा दोन्ही. डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९७५ साली याच आधारावर तीन गटांची सोपी भारतीय वर्गवारी मांडली आणि ती ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखली जाते. हे तीन गट लक्षात ठेवा. चित्रपटाच्या दुसऱ्या उणिवेला तेच लागणार आहेत.

जुळणी का राहते? एकच कारण सापडलेलं नाही, कारण एकच कारण नसतं. जनुकांचा वाटा मोठा आहे. एका बीजाच्या जुळ्यांत एकाला हा दोष असला तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास सापडतं, दोन बीजांच्या जुळ्यांत ते फारच कमी. म्हणजे जनुकं महत्त्वाची आहेत. पण सारख्या जनुकांची जुळी असूनही निम्म्या वेळा दुसरं मूल सुटतं, म्हणजे जनुकं पुरेशीही नाहीत. त्यांच्याबरोबर आईचं धूम्रपान, दारू, फेफऱ्यावरची काही औषधं, आधीपासूनचा मधुमेह यांनी धोका वाढतो. फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी पाठीच्या कण्याचे जन्मदोष टळतात हे १९९१ च्या मोठ्या चाचणीने पक्कं केलं, ओठ-टाळूच्या बाबतीत पुरावा तेवढा ठाम नाही. नात्यातल्या लग्नांचा संबंध काही अभ्यासांत दिसतो. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या आपल्या भागात हे बोलायला हवं, पण ‘मामाची केली म्हणून झालं’ असा नवा ठपका ठेवू नये. अशी बहुसंख्य मुलं नात्याबाहेरच्या लग्नांतूनच जन्मतात. दोष नसलेल्या आईवडिलांना असं एक मूल झालं तर पुढच्याला तो होण्याची शक्यता शंभरात चार-पाचांहून अधिक नसते. हा आकडा घराघरात पोचला तर अनेक सुनांचे हाल वाचतील.

ग्रहणाचा हिशोब

ग्रहणाची गोष्ट नुसती ‘अंधश्रद्धा’ म्हणून उडवून लावली तर मुलं मान डोलावतात आणि घरी जाऊन आजीचं ऐकतात. त्यापेक्षा वर्गात हिशोब करावा.

जगभरात साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाला ओठ किंवा टाळूचा हा दोष असतो. ज्या तालुक्यात वर्षाला पाच हजार बाळं जन्मतात तिथे वर्षाला सात. देशभर मिळून वर्षाला तीस हजारांच्या आसपास. आता ग्रहण कारण असेल तर काय दिसायला हवं? ग्रहण एका दिवशी साऱ्या मुलखाला दिसतं. म्हणजे त्यानंतर काही महिन्यांनी अशा बाळांची लाट यायला हवी, आणि ग्रहण दिसलं नाही त्या वर्षी एकही बाळ असं जन्मू नये. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण कारवार, हुबळी, रायचूर या पट्ट्यातून गेलं. सोलापूर त्या पट्ट्याच्या उत्तरेला, इथेही सूर्याचा मोठा भाग झाकला गेला. २४ ऑक्टोबर १९९५, ११ ऑगस्ट १९९९, २२ जुलै २००९, १५ जानेवारी २०१०, २६ डिसेंबर २०१९, २५ ऑक्टोबर २०२२ ही ग्रहणं आपल्या भागातून खंडग्रास दिसली. लाट यायची तर या तारखांच्या मागून यायला हवी होती. अशी बाळं मात्र इस्पितळांत दरवर्षी, सगळे महिने येत असतात.

मग इतक्या आयांना ‘हो, त्या वेळी ग्रहण होतं’ असं का आठवतं? कारण ते खरंच असतं. चंद्राची कक्षा थोडी कललेली असल्यामुळे ग्रहणांचा हंगाम सुमारे सहा महिन्यांनी येतो, आणि प्रत्येक हंगामात पृथ्वीवर कुठे ना कुठे निदान एक सूर्यग्रहण होतंच, बहुधा चंद्रग्रहणही. गरोदरपण नऊ महिन्यांचं. म्हणजे कुठल्याही बाईच्या गरोदरपणात पंचांगात किमान एक ग्रहण सापडणारच. सातशेतल्या एकीने मागे वळून शोधलं की तिला ते मिळतं. उरलेल्या सहाशे नव्याण्णव जणी शोधतच नाहीत. कारण आणि योगायोग यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना हमखास आवडते. मेक्सिकोत जुन्या ॲझटेक लोकांचीही अशीच समजूत होती : ग्रहणात चंद्राचा लचका तुटतो, तो पाहणाऱ्या बाईच्या बाळाच्या तोंडाचाही तुटतो. उपाय काय, तर गरोदर बाईने पोटाशी धारदार दगडाची सुरी बाळगायची. आजही तिकडे काही ठिकाणी त्या जागी धातूची किल्ली किंवा पिन लावतात. आपल्याकडे मात्र ग्रहणात सुरी-विळी-सुईला हात लावायचा नाही. एकाच ग्रहणात तिथे सुरी वाचवते आणि इथे सुरी बाधते. युरोपात तर ग्रहणाऐवजी वाटेत ससा आडवा गेल्याचं कारण देत. ओठ सगळीकडे सारखाच जुळतो, गोष्टी तेवढ्या बदलतात.

शेवटचा मुद्दा वेळेचा. ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळून झालेला असतो. पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची खात्रीही तेव्हा झालेली नसते. ग्रहण पाळायला बसवतात ती बाई बहुधा चार-सहा महिन्यांची असते. तिने त्या दिवशी भाजी चिरली काय, न चिरली काय, बाळाचा ओठ केव्हाच तयार आहे. मात्र दिवसभर उपाशी आणि तहानलेलं ठेवण्याचा त्रास तिला नक्की होतो. ग्रहण पाळणाऱ्या घरांत तिच्या हातातली मिश्री मात्र कोणी काढून घेत नाही. तंबाखूने बाळाचं वजन घटतं हे सिद्ध झालेलं आहे.

या चित्रपटाला ऑस्कर मिळालं त्यानंतर बरोबर पाच महिन्यांनी, २२ जुलै २००९ च्या सकाळी, शतकातलं सर्वांत लांब खग्रास सूर्यग्रहण वाराणसीवरूनच गेलं. पिंकीचं ऑपरेशन झालं त्याच गावात गंगेच्या घाटांवर स्नानाला प्रचंड गर्दी होती. चित्रपट आधी पूर्ण झालेला असल्याने हा योग त्यात येणं शक्य नव्हतं. पण चित्रपट दाखवताना शिक्षकाने तो जोडून सांगायला हरकत नाही.

दुसरी उणीव : गोष्ट हसूपाशी संपते

चित्रपटाच्या नावातच ‘स्माईल’ आहे. संस्थेच्या नावातही आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा, ही या कामाच्या साऱ्या प्रचाराची भाषा आहे. ती समजण्यासारखी आहे. देणगी देणाऱ्याला एका नजरेत कळतं की पैसे कुठे गेले. चित्रपट संस्थेच्या पाठबळाने झाला आहे, आणि प्रामाणिकपणे केलेला असूनही त्याचा आकार त्या दोन चित्रांचाच आहे. त्यातून पाहणाऱ्याचा असा समज होतो की हा पाऊण तासाचा प्रश्न आहे : भूल दिली, ओठ शिवला, मूल हसलं, संपलं.

फक्त ओठाचा दोष असेल तर हे बरंचसं खरं आहे. पण टाळूलाही फट असेल तर ओठ शिवणं ही सुरुवात असते. ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांच्या बाळावर करतात, टाळूची साधारण नऊ ते अठरा महिन्यांत. तोवर बाळाला पाजायचं कसं हा पहिला प्रश्न. टाळूला फट असली की ओढून घ्यायला तोंडात पोकळी तयार होत नाही, दूध नाकातून बाहेर येतं. बाळाला उभं धरून, काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडं थोडं पाजावं लागतं. हे पहिल्या आठवड्यात आईला कोणी दाखवलं नाही तर बाळ सुकतं, आणि वजन भरत नाही म्हणून शस्त्रक्रिया पुढे जाते. पुढे आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान हिरडीच्या फटीत हाड भरणं, मग दातांच्या तारा, कधी वयात आल्यावर जबड्याचं काम. आणि या सगळ्यांतून चालणारी एक गोष्ट म्हणजे बोलणं.

इथे मराठीच्या शिक्षकाला आपलं व्याकरण आठवावं. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. ही नावं आपण पाठ करून घेतो, पण ती तोंडातल्या जागांची नावं आहेत. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात आणि त्याच वेळी टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलून नाकाकडची वाट बंद करतो. हवा तोंडात दाबली जाते आणि ओठ उघडताच फुटते. ‘म’ म्हणताना ओठ तसेच मिटतात, पण नाकाची वाट उघडी राहते. ‘प’ आणि ‘म’ मधला मोठा फरक त्या मऊ टाळूच्या दाराचा आहे. मुलांना नाक चिमटीत धरून ‘पपई’ म्हणायला सांगा, शब्द जवळजवळ तसाच येतो. मग ‘मामा’ म्हणायला सांगा, तो अडकतो आणि ‘बाबा’सारखा ऐकू येतो. टाळूला फट असलेल्या मुलाचं याच्या उलट होतं. दार बंदच होत नाही, म्हणून ‘पपई’ ‘ममई’सारखी येते. क, ट, त, प आणि त्यांचे महाप्राण यांत हवेचा दाब लागतो, नेमके तेच त्याला येत नाहीत. म, न सहज येतात. मग ते मूल दाब घशातच अडवून बोलायची सवय लावून घेतं, आणि नंतर टाळू शिवली तरी ती सवय राहते. सुरी दार बसवून देते, पण ते वापरायला शिकवतो वाचा-उपचार. त्याला महिने लागतात, आणि त्याचं ‘आधी-नंतर’चं छायाचित्र काढता येत नाही.

दुसरी न दिसणारी गोष्ट कानाची. मधल्या कानातून घशात येणारी एक नळी असते. टाळूचे स्नायू गिळताना ती उघडतात. टाळूला फट असेल तर हे स्नायू नीट ओढत नाहीत, नळी बंद राहते, कानात पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. कधी जास्त, कधी कमी. असं मूल वर्गात मागच्या बाकावर बसलं की हाक ऐकत नाही, श्रुतलेखनात चुकतं, आणि ‘मठ्ठ’ ठरतं. त्याची बुद्धी ओठाच्या किंवा टाळूच्या दोषामुळे कमी झालेली नसते. त्याला पुढच्या बाकावर बसवणं आणि कान तपासायला पाठवणं, याला एक पैसा लागत नाही.

म्हणून माझी तक्रार चित्रपट खोटा आहे अशी नाही. तो डोळ्यांना पटतो आणि कानांना सोडून देतो. ऑस्कर देणाऱ्यांनी तो इंग्रजी शब्दपट्ट्या वाचत पाहिला असणार. आपण ती भाषा ऐकू शकतो, तेव्हा आपल्या प्रेक्षकांनी त्यात मुलं बोलतात कशी याकडे मुद्दाम कान द्यावा.

या चित्रपटाशेजारी ‘वंडर’ ठेवून पाहण्यासारखा आहे. आर. जे. पलासिओ यांच्या २०१२ च्या कादंबरीवरून २०१७ साली तो निघाला. त्यातल्या मुलाला ट्रीचर कॉलिन्स हा आजार आहे : गालाची आणि जबड्याची हाडं नीट वाढत नाहीत, कान लहान किंवा अर्धवट असतात, ऐकू कमी येतं, बुद्धी मात्र सर्वसाधारण असते. पुष्कळ शस्त्रक्रिया होऊनही चेहरा वेगळाच राहिला आहे आणि मूल पहिल्यांदा शाळेत जातं, तिथून ही गोष्ट सुरू होते. म्हणजे ‘स्माईल पिंकी’ जिथे थांबतो तिथून पुढे. त्यावरही टीका झाली. असा चेहरा असलेल्या मुलाला न घेता धडधाकट बालनटाला मुखवटा चढवून काम दिलं, आणि घर सुखवस्तू. टीका रास्त आहे. तरीही एक गोष्ट तो नीट सांगतो : बदलायचा असतो तो दर वेळी चेहराच असतो असं नाही, वर्गही बदलावा लागतो.

हे लक्षात ठेवणं आवश्यक आहे, कारण चेहऱ्याचे सगळे जन्मदोष ओठासारखे शिवून मिटत नाहीत. कवटीच्या शिवणी वेळेआधी मिटल्यामुळे डोक्याचा आकार बदलतो, काहींचा बाह्यकर्ण तयारच झालेला नसतो, काहींच्या चेहऱ्याची एक बाजू लहान राहते. अशा मुलांना ‘ऑपरेशन केलं की छान दिसशील’ एवढंच सांगणारी गोष्ट पुरत नाही.

पंकज यांची जागा आपल्याकडे कोणाची?

मोहोळपासून सोलापूर पस्तीस-एक किलोमीटर. रेल्वे आहे, महामार्ग आहे. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मिर्झापूरच्या त्या खेड्यापेक्षा आपली अवस्था खूपच बरी. शिवाय ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यात तपासणी पथकाने अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा प्रत्येक मूल पाहायचं, नवजात बाळांना प्रसूतीच्या ठिकाणी आणि घरी आशाताईंनी पाहायचं, आणि दोष आढळलेल्यांना मोफत उपचारांपर्यंत न्यायचं असं ठरलेलं आहे. जन्मजात दोषांच्या नऊ नोंदींत दुभंगलेला ओठ व टाळू ही एक आहे. वर सांगितलेले कवटीचे आणि बाह्यकर्णाचे दोष मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाहीत.

कागदावर पंकज यांची जागा भरलेली आहे. पण यादी शाळेच्या हजेरीपटावर चालते. मोहोळ तालुका उसाचा. टाकळी सिकंदरचा भीमा, अनगरचा लोकनेते अशा कारखान्यांना ऊस तोडायला दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून टोळ्या येतात आणि उन्हाळा लागता लागता परत जातात. त्यांच्यात गरोदर बायका असतात, तान्ही मुलं असतात. पथक त्यांच्या गावी गेलं तेव्हा मूल इथे फडात, पथक इथल्या शाळेत आलं तेव्हा मूल हजेरीपटावर नाही. ओठाचा दोष निदान कुणालाही दिसतो. नुसती टाळूची फट तोंड उघडून आत पाहिल्याशिवाय दिसत नाही. तीन महिने, नऊ महिने, अठरा महिने हे टप्पे अशा मुलाच्या बाबतीत एका हंगामातून दुसऱ्या हंगामात निसटून जातात, आणि ते सातव्या वर्षी नाकात बोलत आपल्या वर्गात येऊन बसतं. तेव्हाही उशीर झालेला असला तरी वेळ गेलेली नसते. शस्त्रक्रिया तेव्हाही करतात, वाचा-उपचाराला मात्र जास्त कष्ट पडतात.

अशा मुलाला ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पाणी पिताना नाकातून येतं का? खिचडी खाताना ते पाठ फिरवून बसतं का? नाकाखाली थंड आरसा धरून ‘पा पा पा’ म्हणायला सांगितलं तर आरशावर वाफ धरते का? नाकाकडची वाट नीट बंद होत असेल तर आरसा स्वच्छ राहायला हवा. हे निदान नव्हे, पण तपासणीला पाठवायला एवढं पुरतं. आणि ते सगळ्या वर्गासमोर करू नये.

दाखवायचा तर असा

आपल्या वर्गात ओठावर टाक्यांची खूण असलेलं मूल असेल तर चित्रपट लावण्यापूर्वी त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलावं. ते नको म्हणाले तर त्या वर्गात दाखवू नये. असलं तरी ‘हा बघा, आपल्यातला पिंकी’ असं कौतुकानेही म्हणू नये. खुद्द पिंकीला जगाने हसऱ्या चेहऱ्याची मुलगी म्हणूनच ओळखलं. २०१३ साली विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याची नाणेफेकही तिच्या हातून झाली. तो मान तिचा आहेच. पण बाकीच्या हजारो मुलांना मान नको असतो, न वळून पाहिलं जाणं हवं असतं.

चित्रपटाआधी नाकाखालची पन्हळ आणि टाळूची रेघ, चित्रपटानंतर ग्रहणाचा हिशोब आणि ‘पपई-मामा’चा प्रयोग, असे दोन तास केले तर जीवशास्त्र, भूगोल, गणित आणि मराठी या चारही विषयांचं काम एका एकोणचाळीस मिनिटांच्या चित्रपटाभोवती होतं. शेवटी मुलांना एकच प्रश्न लिहायला द्यावा : पिंकी गावी परतल्यानंतर सोमवारी शाळेत गेली, तर तिच्या वर्गाने काय करायला हवं? त्याचं उत्तर चित्रपटात नाही, ते आपल्या वर्गातूनच यावं लागेल.